दोन दिवस सावलीत

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो, जेवतो, झोपतो. म्हणजे तुझे पहिले तीन प्रश्न संपले. ह्या लोकांची भाषा येते म्हणून नगरपालिकेने मला परदेशी धाडलं, पण काम तुझंच चाललंय. इथला मासे डबाबंद करायचा कारखाना बुडाला. तिथल्या चाळीस बायका त्याच शेडमध्ये आपल्याकडच्यासारख्या वेताच्या टोपल्या विणताहेत. तुझ्याकडे पंधरा दिवस शिकून गेलेली बाई त्यांना शिकवते आणि तुला मास्तरीण म्हणते. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे. माल पसंत पडला तर दोन्ही गावांनी एकाच नावाखाली तो विकायचा, म्हणजे दोन्हीकडच्या बायकांना वर्षभराचं काम. उगाच शंका काढत बसू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१५ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाबांकडे तो व्यापारी असाच गोड बोलत आला, नमुने घेऊन गेला, आणि वर्षभरात आपलीच टोपली त्याच्या कारखान्यातून बाजारात आली. त्यानंतर बाबांनी वेताला हात लावला नाही. तू तेव्हा शाळेत होतास, तुला काय आठवणार!

ती बाई कामाला वाघ आहे, नाही म्हणत नाही. पण पंधरा दिवस माझ्या हातांचे फोटो काढत होती, चेहऱ्याचा एकही नाही. हसायचीही फार. कुठेतरी पाणी मुरतंय. माझ्याकडच्या अकरा जणींच्या चुली ह्या कामावर पेटतात. तिकडे चाळीस जणी तयार झाल्यावर आम्हाला कोण कुत्रं विचारणार? शेडमध्ये कोण येतं-जातं ते बघून कळव. हे पत्र फाडून टाक.

जपून राहा, आणि कुणाच्या गोड बोलण्याला भुलू नकोस.

तुझी,
ताई

१० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रदर्शनात फजिती झाली. शेडच्या दमट हवेत ठीक दिसणाऱ्या सगळ्या टोपल्यांचे काठ तिथल्या कोरड्या दालनात ढिले पडले. एक तर उचलताच काठ हातात आला. ती बाई चार दिवस टोपल्या उसवून बघतेय. आपले हात मासे कापायच्याच लायकीचे, असं म्हणून तिने चाळीस जणींची माफी मागितली.

मी एक टोपली उलटी केली आणि मला कळलं. ओल्या वेताची टोपली विणून झाली की दोन दिवस सावलीत ठेवायची, वेत आकसला की वीण दाबून घट्ट करायची, मगच काठ बांधायचा. आपल्या घरात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. त्यांना मात्र कुणी सांगितलेलंच नाही. मास्तरणीचं काही सांगायचं राहिलं असेल का, असं तिने मला विचारलं. शक्यच नाही, म्हणालो. तुझ्यासाठी खोटं बोललो, ताई. महिनाअखेरीस सभा आहे, करार मोडतील.

राग मानू नकोस, पण उत्तर धाड.

तुझा,
धाकटा

१८ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मुद्दामच लपवलं. सुकत घातलेल्या टोपल्या मी मागच्या खोलीत ठेवायचे आणि तिच्यासमोर लगेच काठ बांधायचे. तिने विणलेल्या आठवण म्हणून ठेवून घेतल्या, म्हणजे ढिल्या पडलेल्या तिला दिसायला नकोत. अकरा जणींना वाचवतेय असं वाटलं. ती स्वतःच्या हातांना दोष देते हे वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. धाकधूक अजून आहे, खोटं कशाला सांगू? तरी पुढचं तिला शब्दन् शब्द वाचून दाखव, गुळगुळीत करू नकोस.

बाई, दोन दिवस सावलीत, उन्हात नाही. मग वीण दाब, मग काठ. हे मी तुझ्यापासून लपवलं. तुझ्या हातात खोट नाही, माझ्या मनात होती.

आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली की अकरा जणींच्या चुली तिच्यावर असत्या तर तिनेही असंच केलं असतं. करार टिकला, पुढच्या महिन्यात ती पुन्हा तुझ्याकडे शिकायला येतेय. तिला सगळं दाखव.

नंतर तिने मला विचारलं, तुला केव्हा कळलं? मी खरं ते सांगितलं. सभेत ती म्हणाली की मास्तरणीने परक्या बाईपासून लपवलं, पण ह्याने आमच्यात बसून, आमच्याबरोबर जेवून लपवलं. मास्तरीण चालेल, मधला माणूस बदला. नगरपालिकेने मला परत बोलावलंय. पंधरा तारखेला पोचतो.

तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. फक्त मी शेडमध्ये शिरलो की आता बायका बोलायच्या थांबतात.

तू तरी थांबू नकोस.

तुझा,
धाकटा