लांब भिंग आणि थोरल्याची धाव

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा चित्रपटांचा कॅमेरा चालवणे (गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी खिडकीतल्या उन्हाकडे बघून त्यांना वेळही सांगितली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

माझे पती सेटवरचे सुतार होते, ते माझ्या आधी गेले. मागे दोन वारस आहेत, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. त्यांचे बाबा गेल्यापासून ती दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. हे मृत्युपत्र खरे तर त्यासाठीच आहे. बाकीचे सामान मध्ये येते म्हणून आधी वाटून टाकते.

माझ्या पतींनी बनवलेला लाकडी खोका आमच्या त्या गाजलेल्या नायकाला द्यावा. त्याची उंची बेताची. मी त्याला खोक्यावर उभा करायची आणि कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर बघायची. प्रेक्षकाला मान वर करायला लावली की समोरचा माणूस आपोआप मोठा होतो. पुढे हा गृहस्थ मुलाखतीत म्हणाला, "पडदा मी एकटा भरून टाकतो." मी मनावर घेतलेले नाही. खोका त्याच्या दारात ठेवून, काही न बोलता परत यावे.

ज्या दिग्दर्शकांबरोबर मी सर्वाधिक काम केले, त्यांना काहीही देऊ नये. एका चित्रपटात मुलगा गेल्याची बातमी आईला कळते, त्या प्रसंगात त्यांना तिचा चेहरा जवळून हवा होता, डोळ्यांतल्या पाण्यासह. मी कॅमेरा हळूहळू मागे घेत गेले, इतका की शेवटी रिकाम्या स्वयंपाकघरात एक छोटीशी बाई उरली. "पळ काढताय का बाई?" असे ते सगळ्यांसमोर म्हणाले. मग चित्रपटगृहांत लोक ढसाढसा रडले. रडणारा चेहरा जवळ आणला की माणूस चेहरा बघत बसतो. दूर नेला की तिच्यापाशी जावेसे वाटते, आणि जाता येत नाही. त्या प्रसंगाचे बक्षीस त्यांनी घेतले आणि कल्पनाही स्वतःचीच सांगितली. मी त्यांच्यासाठी क्षमा ठेवली असती, पण ती त्यांनी मागितलेली नाही.

कॅमेऱ्याची तिपाई आणि प्रकाशमापक माझ्या सहायिकेला, जिला सगळे मुंगी म्हणतात. मुंगे, कॅमेरा हातात घेऊन धावायची तुला फार हौस. हलत्या चित्राने बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो उगाच आणू नकोस.

बँकेतली ठेव दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. त्यावर वाद घालू नये.

आता घर, आणि दूरचे जवळ दाखवणारे माझे लांब भिंग.

त्या दिवशी मी गच्चीवरून हे भिंग कॅमेऱ्याला नवीनच लावून थोडे चित्रण करून पाहत होते. खाली गल्लीत हे आपल्या सुतारकामाच्या कारखान्याच्या दाराची फळी ठोकायला शिडीवर चढले होते आणि माझ्याकडे बघून हसत होते. पार पलीकडच्या टोकाला, लाँड्रीपाशी, थोरला चहा पीत उभा होता. शिडी सरकली. थोरल्याने पेला टाकला आणि तो धावत सुटला. यांच्या डोक्याला मार बसला. ते पुन्हा बोलले नाहीत.

पुढे फिल्म धुऊन आली. मी नको म्हणत होते, पण धाकटीने ती भिंतीवर लावलीच, कारण तिच्यात बाबा हसत होते. तिला दिसले ते असे: दादा शिडीला खेटून उभा आहे, चहा पितो आहे, बाबा पडतात, आणि तो जागच्या जागी पाय हलवतो आहे.

लांब भिंग असेच करते. मधले अंतर गिळून टाकते, आणि समोरून येणारा माणूस कितीही जीव तोडून धावला तरी जवळ येताना दिसत नाही. याच खुबीने मी आयुष्यभर लोकांचे श्वास रोखले. घरात ती असा दगा देईल असे वाटले नव्हते.

मी तिला हे नाना परींनी समजावले. ती म्हणाली, "आई, तू त्याला पाठीशी घालतेस. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"डोळ्यांनी नाही गं, भिंगानं पाहिलंस."

ती उठून गेली. थोरल्याने तर तोंडच उघडले नाही. मला वाटते, ती फिल्म पाहून त्याचाही स्वतःवरचा विश्वास उडाला आहे. याचे मला फार दुःख आहे.

म्हणून घर दोघांना समाईक देते, पण पुढची अट पुरी होईपर्यंत चाव्या वकीलसाहेबांकडे राहतील. धाकटीने गच्चीवर यावे, थोरल्याने लाँड्रीपाशी उभे राहावे. तिने आधी भिंगातून बघावे, मग भिंग बाजूला ठेवून बघावे. मग खाली उतरावे आणि शिडी होती त्या जागी उभे राहून त्याला हाक मारावी. हाक मारावीच लागेल. इतक्या लांब खुणेने भागत नाही. त्याने धावत यावे.

धाकटे, तो आता पन्नाशीचा झाला आहे, दमेल. पोचला की त्याला आधी पाणी दे.

भिंग त्यानंतर दोघांनी मिळून कोणालाही द्यावे. घरात ठेवू नये.

हा मजकूर वाचून दाखवल्यावर शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारले, "वकीलसाहेब, ही धावायची अट कोर्टात टिकेल का हो?" ते म्हणाले, "कोर्टात नाही टिकायची." मी म्हटले, "गल्लीत टिकली तरी पुरे." हेही लिहून घ्यायला लावले आहे.

वरील सर्व मी ऐकले, मला समजले, मान्य आहे.

सही: (कॅमेरावाली)

साक्षीदार: १. शेजारच्या शिंपीणबाई. २. लाँड्रीवाले काका. काकांनी सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: "पोरगा माझ्याच दारातून धावला होता. फुटलेला पेला मी झाडला."

ठिकाण: राहते घर, गच्ची
तारीख: नऊ फेब्रुवारी, सोमवार, ऊन चांगले