भाऊजी, तुमचं निळं इंजिन

सांगायला काय तोंड शिवलं होतं तुमचं? एवढी वर्षं माझ्या हातचा चहा प्यालात. साखर कमी पडली तर लगेच बोलायचात, भजी मऊ झाली तर बोलायचात. आणि इंजिनावरचा मळ हा मळ नाही, तुम्ही स्वतः लावलेला रंग आहे, एवढं एक वाक्य तुम्हाला बोलता आलं नाही. आता मी कोणाशी भांडू?

जनाभाऊजी, नमस्कार. भांडण आधी केलं आणि नमस्कार मागून, कारण राग दाराशी येऊन उभाच होता. शाळा चौथीत सुटली माझी, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

खरं तर पत्र लिहायचं माझ्या मनात नव्हतं. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा रिकामटेकड्यांचा धंदा, असंच मी म्हणत आले. पण परवा तुमची नयना आली होती आणि चहा न घेता गेली. तुमच्या घरचं माणूस माझ्या दारातून चहा न घेता कधी गेलं नव्हतं. म्हणून लिहिते. हे पत्र तिच्या हातात पडणार आहे, तेव्हा तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीही त्यात येतील. कंटाळू नका. तुम्हाला आता काय घाई आहे?

तुम्ही चौघे. आमचे हे, तुम्ही, सावंत आणि नायर. तुर्भ्याच्या एकाच कंपनीत घासलात, एकापाठोपाठ एक रिटायर झालात, आणि बाकीची माणसं देवळात नाहीतर डॉक्टरकडे जाऊन बसतात तसे तुम्ही आमच्या हॉलमध्ये येऊन बसलात. महिन्याचा शेवटचा रविवार. सोफा भिंतीला, टीपॉय गॅलरीत. प्रत्येकाने आपल्या घरी बनवलेला लाकडी फळा घेऊन यायचं. फळ्यावर रूळ, रुळाभोवती ज्याच्या त्याच्या मनातली जागा. सावंतांचा कोकणातला घाट, नायरची नारळाची झाडं, आमच्या ह्यांचं साताऱ्याकडचं स्टेशन. चार फळे एकमेकांना जोडले की गोल पुरा व्हायचा आणि गाडी सुटायची. एक जण आला नाही तर त्या रविवारी गाडी नाही. तापात असला तरी फळा पाठवायचा, हा तुमचा नियम.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, "साठी झालेली माणसं गुडघ्यावर बसून खेळण्यातली गाडी बघतायत. नातवंडांना द्या ती." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वयनी, पोरां मोडतील ना ती."

तुमच्या फळ्यावर खाडी होती. बांध, मिठागराचे चौकोन, पाच-सहा घरं, आणि एक स्टेशन, त्यावर तुमच्या गावाचं नाव. मी म्हटलं, तुमच्या गावात रेल्वे कधी होती? गाव तर विमानतळात गेलं. तुम्ही म्हणालात, "गाव होता तवा ठेसन नव्हता. आता ठेसन हाय त गाव नाय." मी एरवी कोणाला उत्तराशिवाय सोडत नाही. त्या दिवशी भज्यांची ताटली तेवढी पुढे सरकवली.

आणि ते इंजिन. शंटिंगचं छोटं इंजिन, कंपनीच्या आवारातल्या रुळावर डबे ढकलायला यायचं तसलं. त्याच्या सावलीत बसून तुम्ही आणि हे डबा खायचात, हे मी शंभरदा ऐकलं आहे. बाकी तिघांची इंजिनं शोकेसमधल्या बाहुलीसारखी. तुमचं मात्र गटारातून काढल्यासारखं. काळपट, तपकिरी, एका बाजूला तेलाचे ओघळ, खाली पांढरट धूळ. आणि त्याचा रुबाब केवढा! कोणाला अंगाला हात लावू द्यायचा नाहीत. उचलायचं तर खालून, चाकांना धरून. मला वाटायचं, एवढ्या घाणेरड्या वस्तूचे एवढे लाड कशाला?

दर महिन्याला मी म्हणायचे, "भाऊजी, याला दिवाळीला तरी आंघोळ घाला." आणि तुमचं ठरलेलं, "वयनी, कामाचा गडी हाय तो. कामाचा गडी मलनारच." मग तुम्ही चौघे हसायचात. मला वाटायचं, माझ्या बोलण्याला हसतायत. आपण काय टोला दिला, म्हणून मीही हसायचे. आता कळतं, कोण कोणाला हसत होतं ते.

तुम्ही गेल्यावर नयनाने फळा आणि इंजिन आमच्याकडे पाठवलं. तुमचं आपसात ठरलेलंच होतं म्हणे. चौघांतला जो जाईल त्याचं इंजिन पुढच्या रविवारी एकटं फिरवायचं. मागे डबे जोडायचे नाहीत. बाकीच्यांनी उभं राहायचं. मग ते ज्याच्या त्याच्या घरी द्यायचं. नयना उलव्याच्या घरात त्याला काचेचं कपाट करून ठेवणार होती.

त्या रविवारी सकाळी हे फुलं आणायला बाहेर गेले. इंजिन टेबलावर. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला कसंतरी झालं. भाऊजी, तुम्हाला शेवटची आंघोळ घातली तेव्हा आम्ही बायका आत होतो. मला वाटलं, एवढं एक तरी आपल्या हातून होऊ दे. चार माणसांसमोर माणूस असा मळका जायला नको.

मूर्खासारखं केलं नाही हो मी. बारीक स्क्रू काढून वरचं टोपण वेगळं केलं, ह्यांचं बघून शिकले आहे. मोटारीला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना दात घासायचा ब्रश. पाणी आधी काळं निघालं, मग चहासारखं, मग स्वच्छ. आणि खालून निळा रंग वर आला. असा निळा, की मी ते उन्हात धरून बघत बसले. एवढं देखणं इंजिन या माणसाने मळवून ठेवलं, म्हटलं. पुसून, सुकवून, परत बसवून टेबलावर ठेवलं आणि शिरा करायला घेतला.

हे आले. बघितलं. फुलांची पिशवी हातातच राहिली. मग म्हणाले, "मस्त. चकाचक." सावंत आले, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. नायर रुळाकडेच बघत राहिले. मी पदर खोचून उभी. म्हटलं, "बघा, तुमच्या चौघांना एवढ्या वर्षांत जमलं नाही ते एका सकाळी केलं." "हो वहिनी," सावंत म्हणाले. इंजिन एकटं फिरलं, चारही फळ्यांवरून. तुमच्या स्टेशनावर ह्यांनी ते थांबवलं, मग पुढे सोडलं. कोणी बोललं नाही. मला वाटलं, दुःखाने बोलत नाहीत. सगळ्यांना दोन-दोनदा शिरा वाढला.

चार दिवसांनी नयना न्यायला आली. मी इंजिनाची डबी तिच्यापुढे ठेवली. तिने इंजिन तळहातावर घेतलं, खालून, तुम्ही घ्यायचात तसंच. फिरवून बघितलं. मग मला विचारलं, "काकू, हे कोणाचं?"

"अगं, तुझ्या बाबांचं."

"नाही. बाबांचं कुठंय?"

मी हसत होते, भाऊजी. अजून हसतच होते. म्हटलं, "तेच आहे. मी धुतलं. कसला मळ चढला होता त्याच्यावर."

तिने बोटाने त्याची एक बाजू चाचपली. मग हळूच म्हणाली, "मळ नव्हता काकू. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर बसून बाबा ते काडीने करायचे. एक डाग मनासारखा येईपर्यंत पुसायचे आणि परत करायचे. मी कॉलेजात होते तेव्हापासून." तिने ते डबीत ठेवलं, डबी माझ्याकडे सरकवली. "राहू दे काकू," म्हणाली आणि चपला घातल्या. मी चहाचं विचारलं. तिने नुसती मान हलवली.

ती ओरडली असती तर मीही ओरडले असते. भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण 'राहू दे'ला काय उत्तर देणार?

दार लावलं आणि ह्यांच्याकडे वळले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"त्या रविवारी माहीत होतं?"

"हो."

"मग तोंडात काय होतं?"

"शिरा," म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. मग त्यांनी एकेक सांगितलं. तो काळा म्हणजे तव्याखालची काजळी. तो तपकिरी म्हणजे उकळलेल्या चहाचं पाणी. पांढरी धूळ म्हणजे खडू. वरून पक्का रंग मारला की जिवंतपणा जातो म्हणून तुम्ही मारायचा नाहीत, म्हणून तर कोणाला हात लावू द्यायचा नाहीत. आणि काजळी कुठली? माझ्या तव्याची. दर महिन्याला स्वयंपाकघरात यायचात ना, "वयनी, तवा खरवडून देऊ का?" करत. मला वाटायचं, नातवंडाला काजळ करत असतील. तवा फुकट घासून मिळतोय म्हणून मी विचारलंही नाही. माझ्याच चुलीची काजळी, माझ्याच चहाचं पाणी. धुताना माझ्या नाकाला वास कसा आला नाही?

लाज कशाची वाटते सांगू? धुतल्याची नाही एवढी. चांगल्या मनाने केलं होतं. लाज वाटते ती मिरवल्याची. तिघं जुनी माणसं मित्राला निरोप द्यायला उभी होती, आणि मी त्यांच्याकडून स्वतःची वाहवा करून घेतली. माझ्या जिभेला घाबरून तीन बाप्ये खोटं बोलले. म्हणजे एवढी वर्षं या घरात माझा मान होता की माझा धाक, ते कळलं मला. आणि तुम्हीही त्यातच असणार. एकदा मी 'घाण' म्हटलं, की त्यानंतर सांगण्यात मजा नाही असं वाटलं असेल तुम्हाला. तुमचा दोष आहेच. पण तो माझ्या दोषाच्या मागे उभा राहतो.

काल तिघांना बसवलं आणि म्हटलं, आता बोला. नायरच्या मोबाईलमध्ये इंजिनाचे फोटो आहेत, चारही बाजूंनी. सावंत म्हणाले, "वहिनी, मला थोडे दिवस द्या. हुबेहूब करतो. नयनाला सांगू, धुतलेलं वेगळं होतं, बाबांचं आता सापडलं."

नायर म्हणाले, "भाभी, किसीको पता नहीं चलेगा."

आमचे हे मान हलवत होते. ते काय, पंख्याकडे बघूनही मान हलवतात.

खोटं कशाला बोलू, भाऊजी? मला पटलं होतं ते. उठून तवा उलटा केला, सुरी घेतली. मग हात थांबला. समजा, नयनाने ते हातात घेतलं आणि तिला खरं वाटलं. ती ते कपाटात ठेवणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणार, हा बाबांचा हात म्हणून. आणि मी तिच्या घरी सोफ्यावर बसून चिवडा खाणार? आधी तुमचं काम पुसलं ते न कळून. आता तिच्या डोळ्यांत धूळ फेकली तर ती कळून.

सावंतांना म्हटलं, "एकदा गप्प बसलात तेवढं पुरे झालं. आता खोटं नाही." ते म्हणाले, "मग काय करायचं, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, मी सांगायची नाही. माझं सांगणं फार झालं.

तर आता ऐका. नयना म्हणाली की परत मळवा, तर ते आमच्या हॉलमध्ये होईल, ती समोर बसलेली असताना, ती म्हणेल तिथे डाग, ती म्हणेल तिथे ओघळ. सावंत करतील. काजळी मी खरवडीन. आणि जो कोणी बघेल त्याला मी स्वतः सांगेन की मूळचं काम जनाभाऊंचं होतं, ते मी धुऊन टाकलं, हे नंतरचं आहे. नयना म्हणाली की निळंच राहू दे, तर तिच्या घरी मी ते पोचवीन, उलव्याला, एकटी जाऊन. ती म्हणाली की मला ते बघायचंच नाही, तर ते आमच्याकडे राहील. कोणी फिरवणार नाही, कोणी पुसणार नाही, धूळ बसली तरी. हा माझा शब्द. ह्यांनाही तो पाळावा लागेल.

मला माफ करा असं तुम्हाला म्हणणार नाही. तुम्ही माफ केलंत की नाही हे मला कसं कळणार, आणि न कळलेली माफी घेऊन मी करू काय?

या पत्राचं उत्तर नयनाने द्यायचं. आमच्या ह्यांनी तिला फोन करून समजवायचं नाही, सावंतांनी मध्ये पडायचं नाही, नायरनी फोटो पाठवायचे नाहीत. तिला वेळ लागला तर लागू दे, उत्तर वाकडं आलं तर वाकडं येऊ दे. पण ते तिनेच द्यायचं, आणि मला द्यायचं.

तुमची वहिनी,
शालन
खांदेश्वर