हेरिंग आल्याची हाक

२२ मार्च
अजून नाही! सीगल नाहीत, सील नाहीत, पाणी नुसतं काळं. बाहेर मोठ्या जाळ्यांच्या पर्सिन बोटी नांगर टाकून बसल्यात — हेरिंग मासळी कुठल्या खाडीत शिरते ते बघत. त्यांना मासळी मारून पोटातली गाभोळी काढायची. आम्ही इथले मूळचे लोक हेमलॉक झाडाच्या फांद्या पाण्यात बुडवतो, मासळी त्यांवर अंडी घालते आणि जिवंत परत जाते; आम्ही ती अंडीच खातो. तरी मासळी जपायचे धडे आम्हालाच!

आई दिवसभर खिडकीत. या खाडीची राखण आमच्या घराकडे. जेवायलाही उठत नाही.

२४ मार्च
व्हँकुव्हरहून मत्स्यखात्याचा साहेब आला. सभेत म्हणे, "साठा भरपूर आहे, आमचं मॉडेल सांगतं."
माझा मावसभाऊ डेलमार उसळला, "मग ते मॉडेलच तळून खा की!"
सगळे हसले. साहेबही. मला मात्र रडू आलं. मागची दोन वर्षं आमच्या फांद्या कोऱ्या निघाल्यात. यंदाही तसंच झालं तर मासळी ही खाडी कायमची सोडेल. मग आम्ही इथे करायचं काय?
आई उठून एवढंच म्हणाली, "एक खाडी सोडा. एकच." साहेबाने मान डोलावली. म्हणजे हो की नाही, देव जाणे.

२५ मार्च
काही नाही. जीव टांगणीला लागलाय.

२७ मार्च
आली! दुपारी खाडी नुसती सळसळायला लागली, वर सीगलचा कल्लोळ!

ज्याला आधी दिसेल त्याने रेडिओवर हाक द्यायची, ही आमची रीत. एकट्याने खायचं नाही. आईने आमच्या भाषेत खाडीचं नाव घेतलं, दोनदा. पलीकडून डेलमार ओरडला, "मावशी, शिव्या देतेयस का? आम्हाला कळेल असं सांग की!" ती भाषा समजणारे आता उरलेत किती? आई हसली आणि इंग्रजीत सांगितलं.

रेडिओ काय फक्त आमचाच होता? आमच्या होड्या फांद्या घेऊन निघेपर्यंत पर्सिनवाले हजर. साहेबाने तिथल्या तिथे मासेमारी खुली केली. आमच्या डोळ्यांदेखत जाळी आवळली. मी किनाऱ्यावरून ओरडत राहिले — मेल्यांनो, थोडी तरी सोडा! घसा बसला. कुणी वळूनही पाहिलं नाही.

२९ मार्च
फांद्या कोऱ्या.
साहेबाला फोन केला. म्हणाला, "सगळं नियमाप्रमाणे झालंय, बाई." नियम केले कुणी? आम्हाला विचारलं होतं?
संध्याकाळी डेलमार येऊन पायरीवर बसला. एवढा दांडगा माणूस, पोरासारखा रडत होता. "मावशी, मी गप्प बसलो असतो तर..." आईने त्याच्यासमोर चहा ठेवला.

३१ मार्च
आई बोलतच नाही. मला भीती वाटतेय.

३ एप्रिल
काल आई एकटीच होडी घेऊन गेली होती. सकाळी बघते तर टेबलावर हेमलॉकची फांदी — गाभोळीने लगडलेली, बोटभर जाड! "कुठे मिळाली?" आई चहा गाळत राहिली. "अगं आई, मला तरी सांग!" तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात रेडिओवर डेलमार. "मावशी, कुठे काही दिसलं का गं?"

आईने माईक उचलला. "काही नाही रे, बाळा," म्हणाली. "कुठेच काही नाही."