देवीनं मागितलेलं मैदान

मंगळ. ६ जाने.

जोगव्याची पाच घरं झाली. चौथ्या घरी उभी असतानाच रोलरचा आवाज. वाटलं रस्त्याचं काम निघालं. पाचवं घर उरकून शाळेमागं गेले तर पोरींच्या खो-खोच्या मैदानावर मुरूम पडलेला, पाणी मारून मारून दाबतायत. हेलिकॉप्टर उतरायचंय म्हणे. पुढच्या मंगळवारी मंत्रीसाहेब येणार. खेळ आणि सांस्कृतिक, दोन्ही खाती त्यांच्याकडंच. खेळाच्या मंत्र्याला उतरायला खेळाचंच मैदान सापडलं.

चार वर्षं ती माती पोरींनी चाळली. माझी गव्हाची जुनी चाळण त्यातच गेली, परत मागितली नाही. एकेक खडा वेचलेला. झेप टाकली तरी कातडं जात नव्हतं.

स्नेहा शाळेतून आली ती दप्तर टाकून भिंतीकडं तोंड करून बसली. भाकरीला शिवली नाही. १ फेब्रु.ला विभागाच्या खो-खो संघाची निवड. दहावीचं वर्ष. "आई, निवड झाली तर तिकडं वसतिगृहात राहून खेळायला न् शिकायला मिळंल. न्हाईतर..." न्हाईतर काय ते मला माहीत आहे. माझी दहावी मार्चात झाली आणि लग्न मे महिन्यात.

बुध. ७ जाने.

पी.टी.चे कदम सर अर्ज घेऊन सरपंचाकडं गेले होते. सरपंच म्हणाले, "चार दिवसाची गोष्ट हाय सर. मंत्री गेले की पुन्हा उकरू." लिहून द्या म्हटलं तर हसले. सर नोकरीतले, त्यांना यापुढं बोलवत नाही.

संध्याकाळी पोरी मुरमावरच खेळल्या. नाजियानं खांबापाशी झेप टाकली, दोन्ही तळहात न् एक गुडघा सोलला. तिच्या घरी हळद घेऊन गेले. तिची आई शमीमभाभी माझ्यावरच उखडल्या. "गाव तुमचा, मंत्री तुमचा, हात मात्र माझ्या पोरीचे!" मग चहा पण ठेवला. बिनसाखरेचा झाला, दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

शुक्र. ९ जाने.

आराधी मेळ्याची तालीम, आक्काच्या अंगणात. मेळ्यात आक्काच मोठी. माझ्या गळ्यातली कवड्यांची माळ तिनंच घातलेली, स्नेहा पोटात होती तेव्हा. मं.सा.पुढं आम्ही देवीचं गाणं म्हणायचं, रेडिओवाले ते भरून घेणार. तालुक्याहून माणूस सांगून गेला. चार मिनिटं. गाणं झालं की बाजूला व्हायचं. अर्ज, निवेदन काही द्यायचं नाही. पोलीस असतील.

धाकटी जाऊ मंगल झांज वाजवता वाजवता म्हणाली, "अर्ज कशाला लागतोय वो जाऊबाई? अंगात आलं म्हना. पोरींचं मैदान सोड म्हना. देवीला कोन पोलीस हात लावतोय? मंत्रीच पाया पडंल."

सगळ्या हसल्या. मीही. आक्का हसली नाही. "गाढवीनो, ते बोलावून येत न्हाई. आन् आलं तर मागनं काय आठवत न्हाई. जिला आठवतंय तिनं सोंग केलं समजायचं."

पुन्हा झांजा धरल्या. पण ते डोक्यातून जाईना. दोन भाकरी करपल्या. करपलेल्या मीच खाल्ल्या.

शनि. १० जाने.

काही नाही. वाती वळल्या. ज्वारी निवडली. निवडलेली पुन्हा निवडली.

रवि. ११ जाने.

कौल लावला. झेंडूच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर करायचं, डावी पडली तर विषय सोडायचा. बसून राहिले. हे गिरणी बंद करून जेवायला आले तरी मी तिथंच.

"आज उपास हाय का?"

"न्हाई."

"मग वाढ की."

वाढता वाढता सांगून टाकलं. यांनी घास खाली ठेवला. "मंगलच्या नादी लागू नको. पंधरा-सोळा वर्षं झाली, लोक तुझ्याकडं लेकरं आनत्यात अंगारा लावाय. एक डाव खोटं बोललीस की मागचं समदं खोटं."

खरं आहे. पाकळ्या वाळून तिथंच चिकटल्या. एकही पडली नाही. विचारलं होतं, तिनं सांगितलं नाही. आता मी काय समजायचं?

मंगळ. १३ जाने.

झालं.

आधी धुरळा, मग हेलिकॉप्टर. शाळेचे पत्रे वाजले. मं.सा. वयस्कर, गुडघा दुखत असावा, जपून पाऊल टाकत होते. गाणं धरलं. पहिलं कडवं ठीक. दुसऱ्याला समोर पोरी दिसल्या, पाकळ्या उधळायला ओळीत उभ्या केलेल्या. नाजियाच्या तळहाताला पट्टी, त्याच हातात झेंडूच्या पाकळ्या. माझं कडवं तिथंच तुटलं.

मग आवाज आला. मोठा. माझ्याच तोंडून. "माझ्या लेकींची माती दाबलीस. मोकळी कर. मैदान मोकळं कर." केस सुटले होते. झांज थांबली. आक्का पुढं आली आणि माझा मळवट भरला. म्हणजे तिनं मानलं.

मं.सा. त्या दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसले. माझ्या पायांवर डोकं ठेवलं. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. "आई, तुझी आज्ञा," म्हणाले.

मग माइकवर गेले. आईनं जिथं पाऊल ठेवलं ती जागा पावन झाली. सांस्कृतिक खात्यातून इथं चौथरा आणि सभामंडप बांधू. इथंच. टाळ्या. उदो उदो. सरपंचानं माझ्या गळ्यात हार घातला.

मैदानाचं एक अक्षर नाही.

स्नेहा लांबून बघत होती. माझ्याकडं नाही, माझ्या पायांकडं. मी मधल्या रेषेवर उभी होते. दोन खांबांच्या बरोब्बर मध्ये.

बुध. १४ जाने. संक्रांत

सकाळपासून बायका. वाण राहिलं बाजूला, पायाच पडतात. थोरल्या सुद्धा. एकीनं पोराच्या नोकरीचं विचारलं. एकीनं सुनेला मूल कधी होईल ते. मी अंगारा लावला आणि आत जाऊन हात धुतला. असं कधी केलं नव्हतं.

स्नेहानं तिळगूळ घेतला नाही.

"आई, खरं सांग. आली होती का?"

मी चुलीपाशी उगीच काहीतरी हलवत राहिले.

मला सगळं आठवतंय. शब्द न् शब्द. मं.सा.च्या टोपीवर पाकळी पडली होती तीसुद्धा. आक्का म्हणाली होती आठवत नाही. पण ठरवून नव्हतं केलं. आई तुळजाभवानीची आण, ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार ते मलाच ठाऊक नव्हतं. मग ती कोण होती?

शुक्र. १६ जाने.

जोगव्याला निघाले. पहिल्याच घरी परडीत साडीचोळी, नारळ. पसाभर पिठाची सवय. परत दिलं तर म्हातारी रडायला लागली. पाच घरांऐवजी दोनच करून आले. आजवर असं कधी सोडलं नव्हतं.

रवि. १८ जाने.

रेडिओवर लागलं. शमीमभाभी, नाजिया, मंगल, सगळ्या आमच्या ओट्यावर. पहिलं कडवं लागलं, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसरं अर्ध्यावर हळूहळू बारीक झालं आणि लगेच मं.सा.चं भाषण. आपली लोककला जपली पाहिजे. मग ग्रामीण भागातल्या मुलींनी खेळात पुढं यावं, सरकार पाठीशी आहे. नाजियानं टाळी वाजवली, एकच, पट्टीच्या हातानं.

माझं बोलणं नाहीच. कापलं.

शमीमभाभी म्हणाल्या, "देवीचं बी कापत्यात व्हय हे लोक? आपलं तर मग काय!" मंगल हसून हसून लोळली. मला हसू आलं, मग थांबेना, मग डोळ्यांतून पाणी. स्नेहानं उठून पाणी आणून दिलं. संक्रांतीनंतर पहिल्यांदा माझ्याजवळ आली.

बुध. २१ जाने.

वाळूचे दोन ट्रॅक्टर पडले. खांब उपटून शाळेच्या भिंतीला टेकवलेत. चौथऱ्याची आखणी पांढऱ्या फक्कीनंच केली, पोरी मैदान आखायच्या त्याच डब्यातल्या. येत्या मंगळवारी भूमिपूजन. मं.सा.चा माणूस येणार, रेडिओवाले पुन्हा येणार. पहिली कुदळ माझ्या हातून.

पोरी आक्काच्या खळ्यावर सराव करतात. सात पावलांत कुंपण येतं.

शुक्र. २३ जाने.

सरपंचाच्या घरी गेले. यांना न सांगता. पदर घट्ट घेऊन उंबऱ्याशीच उभी राहिले.

म्हटलं, "जी बोलली ती मैदान मोकळं करा म्हनाली. चौथरा कुनी मागितला?"

"सुमनवहिनी, देवीनं जिथं पाय ठिवला तिथं पोरी धबाधबा पळनार व्हय? पाप लागंल गावाला."

"मंडप दुसरीकडं बांधा."

"ते तुमी सांगून न्हाई चालत. देवीनं सांगितलंय. देवीनं परत सांगितलं तर बघू." आणि वर हात जोडले. मला. चेष्टा नव्हती, तीच पंचाईत आहे. माणूस मानतो.

वाटेत कळलं मी कुठं अडकले ते. सुमनचं कुणी ऐकत नाही. देवीचं ऐकतात, पण पाहिजे तेवढंच. आता एक तर पुन्हा घुमायचं, आणि या वेळी ते ठरवूनच होईल. नाहीतर गावापुढं उभं राहून म्हणायचं, मला सगळं आठवतं.

तसं म्हटलं की मेळा मोडला. बाकीच्यांच्या अंगात येतं तेही लोक खोटं म्हणतील. आक्काचं सुद्धा. सत्तर वर्षांच्या बाईचं.

रवि. २५ जाने.

आक्काकडं गेले. तिला सांगितलं. सगळं आठवतं म्हणून. मळवट भरणारी तीच, म्हणून तिला आधी.

ती शेंगा फोडत होती, फोडतच राहिली. मग म्हणाली, "मळवट भरला तवा तुज्या कपाळाला हात लावला म्या. चटका बसला. ते काय सोंग न्हवतं."

"मग आठवतं कसं?"

"मला काय ठावं. माझ्या मागल्या बायांनी सांगितलं ते म्या तुमाला सांगितलं." टरफलं झाडून, "तिला येगळं कायतरी करायचं आसंल."

निघताना हाक मारली. "माळ माझ्या हातानं घातली. उतरवायची आसंल तर माझ्या दारात टाकू नको. देवीपाशी ठिव. तिचं ती बघंल."

रागात म्हणाली का मायेनं, कळलं नाही. शेंगा बांधून दिल्या स्नेहासाठी.

सोम. २६ जाने.

झेंडावंदन वाळूच्या ढिगाशेजारी झालं. संध्याकाळी यांना सांगितलं उद्या काय मनात आहे ते. म्हणजे दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही सांगितल्या. यांनी गिरणीची किल्ली उचलली. मग म्हणाले, "गिरनीला चार लोक कमी येतील. येऊ देत न्हाईतर न येऊ देत." आणि पट्टा तपासायला गेले, जो कालच तपासला होता.

स्नेहाच्या निवडीला मधे पाचच दिवस उरले.

मंगळ. २७ जाने.

स. अंघोळ, पूजा. आज जोगवा नाही, परडी जागेवरच.

माळ उतरवली. गळ्याला तिचे वळ आहेत, आरशात दिसले. देवीच्या पायाशी ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. गळा हलका नाही लागत, उघडा लागतो.

आई, तू आली असलीस तर मैदान तूच मागितलंस. आली नसलीस तर मी मागितलं. मागणं तेच आहे. बोलायचं कुणाच्या नावानं एवढंच राहिलंय.

मंगल आली, रिकामा गळा बघून दारातच थांबली. कुदळ आणली होती तिनं, हळदकुंकू लावलेली. ताशा वाजायला लागलाय. शमीमभाभी नाजियाला घेऊन कोपऱ्यावर उभ्या आहेत. रेडिओची गाडी शाळेच्या फाटकात वळली, इथून दिसते.

स्नेहा खेळाचे कपडे घालून आली. मी सांगितलं नव्हतं.

"आई, आज कोन बोलनार? तू का देवी?"

कुदळ जड आहे. म्हटलं, "एका बाजूनं धर. चल."