सव्वीस तासांचा घसा

॥ श्री ॥
पालघर, ता. ४ ऑगस्ट १९६७

तीर्थरूप सौ. जमनाबायच्या चरणी धाकट्या कमलाकांतचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझे कार्ड पोचले. घिवलीला सर्व खुशाल आहेत आणि दाजींच्या होडीची डागडुजी उरकली, हे वाचून बरे वाटले. भाऊ प्रोफेसर झाला म्हणून तू गावभर मिरवतेस, तर आता त्या प्रोफेसराची हकीकत ऐक.

आमच्या किनारपट्टी मंडळाच्या कॉलेजात कायम असलेल्या प्राध्यापकांना आठवड्याला सोळा तास. मी तात्पुरता, म्हणून मला सव्वीस. अर्थशास्त्र माझे स्वतःचे. नागरिकशास्त्राचे गृहस्थ जूनमध्येच सोडून गेले, ते तास माझ्याकडे आले. तर्कशास्त्र मी जन्मात शिकलो नाही. आज वाचतो आणि उद्या शिकवतो. प्री-डिग्रीचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. एकशे चाळीस मुले. पावसाची सर आली की पत्रा असा तडतडतो की पहिल्या बाकालाही ऐकू जात नाही. मग मी ओरडतो.

तीन आठवडे झाले, आवाज बसला आहे तो उठत नाही. रजा मागावी तर माझी नेमणूक मार्चअखेरपर्यंतची. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा त्यांची मर्जी. हे तिसरे वर्ष. गेल्या साली इतिहासाचे देवराम सर काविळीने बारा दिवस अंथरुणाला होते. तेराव्या दिवशी कामावर आले, तर वेळापत्रकात त्यांच्या नावावर दुसऱ्याच्या नावाची पट्टी चिकटवलेली. तेव्हापासून आम्ही तात्पुरती माणसे शिंकतानाही इकडेतिकडे बघतो.

काळजी करू नये. दाजींना नमस्कार. माया असू द्यावी.
तुझा कमलाकांत

*

घिवली, ता. ९ ऑगस्ट

चि. कमलाकांत यास बायचे पोटभर आशीर्वाद.

कागद लिवण्यास कारण की, तुजं पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते हसले, म्हणाले, नुसतं बोलायला पगार मिळतो तर मला बी तिथं चिकटव. मी नाय हसले.

सोबत अडुळशाचा पाला आणि जेष्ठमध पाठवते. पाला उकळून प्यायचा, नुसता खोलीत ठेवून वास घ्यायचा नाय. बोंबील पण हायत, पण ते आता खाऊ नको, घसा खवखवंल. मित्रांना दे.

आता खरं खरं लिव. गिळताना दुखतं काय? थुंकीत लाल दिसतं काय? कानापर्यंत ठणका जातो काय? बापसाचं मनात आणू नको. त्याचा रोग वेगळा, तुजा वेगळा. तो आयुष्यभर विडी ओढत होता, तू तर सुपारी पण खात नाय. तरी लिव.

आमी सगळी बरी हाव. पत्राला उशीर लावू नको.
तुजी बाय

*

पालघर, ता. २७ ऑगस्ट, रविवार

ती. सौ. बायस नमस्कार, वि. वि.

तुझे तीन प्रश्न वाचून पत्र घडी घालून ठेवले. उत्तर द्यायला अठरा दिवस लागले, रागावू नकोस. गिळताना दुखते. बाकीचे दोन नाहीत. अजून नाहीत.

इथल्या डॉक्टरांनी बॅटरीने घसा पाहिला आणि वडील कशाने गेले ते विचारले. मी सांगितले. त्यांनी बॅटरी विझवली आणि कागद पुढे ओढला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली आणि महिनाभर शब्द बोलायचा नाही म्हणाले. इस्पितळात गळ्याचे डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी बसतात. माझे दोन्ही दिवशी पाच-पाच तास. चिठ्ठी पाकिटात तशीच आहे.

आता आवाज असा उरलेलाच नाही. सगळे फळ्यावर लिहितो. पुढच्या बाकावरची भागी नावाची मुलगी माझे टिपण वाचून दाखवते. मागची मुले टाळ्या पिटतात. मराठीच्या प्रेमला सावे, त्याही माझ्यासारख्याच मार्चअखेरच्या, माझे दोन तास गुपचूप घेतात. त्यांचे स्वतःचे चोवीस आहेत. गुरुवारी प्रिन्सिपॉलसाहेब शेडच्या खिडकीशी मिनिटभर थांबले होते. काय समजले, काय नाही, देव जाणे. तेव्हापासून व्हरांड्यात पावले वाजली की हातातला खडू मोडतो.

बाय, तुला म्हणून सांगतो, मी फार घाबरलो आहे. आंघोळ करताना गळ्यावर बोटे फिरवून गाठ शोधतो. एक दिवस सापडते, एक दिवस सापडत नाही. पंधरा सप्टेंबरला विद्यापीठाची समिती कॉलेज पाहायला येणार आहे. तोवर निभावले की मग जाईन. कुणाला सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे.

कमलाकांत

*

घिवली, ता. २ सप्टेंबर

चि. कमलाकांत यास अनेक आशीर्वाद.

शपथ मोडली. परवा गुरुवारी माल घेऊन पालघरच्या बाजारात आले होते. पाटी ओळखीच्या बाईकडे ठेवली, हातपाय धुतले, लुगडं नीट केलं आणि तुज्या कॉलेजात गेले. तू शेडमध्ये पाठमोरा उभा राहून फळ्यावर लिवत होतास. मानेची हाडं मोजता येत होती. तुला हाक नाय मारली. सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

मंगळ्या शिपाई सोडत नव्हता. मी म्हटलं, तुमच्या मास्तरची थोरली बहीण हाय, आत सांग. साहेबांनी मला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, चिठ्ठीचं, बापसाचं. म्हटलं, भाऊ तुमचं काम सोडायला भितो, तुमीच त्याला जा म्हणून सांगा. त्यांनी शांतपणे ऐकलं. तुजं पूर्ण नाव पुन्हा विचारून कागदावर टिपलं. म्हणाले, बाई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, आम्ही लगेच व्यवस्था करतो.

माणूस चांगला दिसला. तू उगाच भितोस. आता रजा मिळंल, ती घे आणि सोमवारची वाट धर.

तुजी बाय

*

पालघर, ता. ६ सप्टेंबर

सौ. बायस,

साहेबांनी व्यवस्था केली. काल तिसऱ्या तासाला मंगळ्या शेडमध्ये कागद घेऊन आला. कालपासून माझ्या सेवेची आवश्यकता राहिलेली नाही. दोन ओळी आणि सही. मुले बघत होती. फळ्यावर वाक्य अर्धे राहिले होते, तेवढे पुरे केले आणि बाहेर पडलो.

तुझा हेतू मला कळतो. पण तीन वर्षे मी ज्या एका गोष्टीला भीत होतो, ती तू खुर्चीवर बसून पाच मिनिटांत करून आलीस. मी बोलू शकत असतो तर काय बोललो असतो कुणास ठाऊक. आवाज नाही ते एका परीने बरे.

उद्याच, गुरुवारी, इस्पितळात जातो. आता कुणाचे पाच तास बुडायचे नाहीत. पत्ता मागे लिहिला आहे. तू येऊ नकोस.

कमलाकांत

*

घिवली, ता. १९ सप्टेंबर

चि. कमू,

तू येऊ नको लिवलंस म्हणून नाय आले. दाजी जाऊन आले. गळ्यातला तुकडा काढून तपासायला धाडला आणि तू पाटीवर लिवून बोलतोस, एवढं त्यांनी सांगितलं. माज्याबद्दल काय लिवलंस, विचारलं. म्हणाले, काय नाय लिवलं.

तुज्यापासून एक गोष्ट चोरून ठेवली हाय. बापसाचा आवाज गेला तेव्हा तू मुंबईला शिकत होतास. त्याने पहिलं मला सांगितलं, गिळता येत नाय. आणि म्हणाला, कुणाला बोलू नको, खलाशी दुसऱ्या होडीवर जातील, हंगाम जाईल. माजी शपथ घातली. मी आठ महिने गप्प राहिले. शेवटी दवाखान्यात नेला तेव्हा डॉक्टर माज्यावर ओरडला, एवढे दिवस काय करत होता. हंगाम पुरा झाला होता. बापूस नाय राहिला.

तुज्या पत्रात तीच शपथ वाचली आणि माल भरून पालघरची वाट धरली. नोकरी जाईल हे मला ठाऊक नव्हतं. पण खरं सांगते, ठाऊक असतं तरी गेले असते. राग धर, जन्मभर धर, पण जित्ता राहून धर.

तुजी बाय

*

मुंबई, ता. ३ ऑक्टोबर १९६७

तीर्थरूप सौ. बायच्या पायी कमलाकांतचा त्रिवार नमस्कार.

आज तपासणीचा कागद आला. तो रोग नाही. पाकीट डॉक्टरांनीच फोडले. मी ते त्यांच्यापुढे सरकवले होते. ओरडून ओरडून घशात गाठी झाल्या होत्या, त्या काढल्या. आणखी दोन महिने तसाच शिकवत राहिलो असतो तर आवाज कायमचा गेला असता, असे म्हणून डॉक्टर माझ्यावरही ओरडले. मी पाटीवर लिहिले, माझ्या बहिणीने वाचवले. त्यांनी वाचले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

प्रेमलाबाई भेटून गेल्या. माझ्या जागी नवा मुलगा आला आहे, त्याला एकोणतीस तास दिले आहेत. समिती आली, शेडमध्ये डोकावली, समाधान व्यक्त करून गेली. बाईंनी माझ्यासाठी दोन ठिकाणचे अर्ज आणले होते. त्यांत आधीची नोकरी का सोडली, असा रकाना आहे. मी खरे ते लिहिले. आता ते वाचून कोण बोलावील, ही भीती आहेच. ती काही गाठीबरोबर निघाली नाही.

बापसाचे तू एकटीने इतकी वर्षे वागवलेस. मी त्यावर काही लिहू शकत नाही. समोर बसेन, तू सांग, मी ऐकेन. दिवाळीपर्यंत मला दुसरे काही करायचेच नाही.

शनिवारी संध्याकाळी येतो. दारातून हाक मारता येणार नाही, तेव्हा कडी लावू नकोस, दार नुसते लोटून ठेव.

तुझाच
कमू