लीड्सचे प्रमुख पाहुणे

५ जानेवारी, चामोर्शी
फेलोशिपचा पहिला दिवस. परदेशस्थ आशियाई प्राध्यापकांना आशियातील महाविद्यालयांशी जोडणारी ही योजना. घुग्घुसच्या जिशान शेखला, म्हणजे मला, लीड्समार्गे चामोर्शीला पोहोचवण्यासाठी अख्खा आशिया खंड कामी आला.
काम एकच: गावतलावांच्या व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम तयार करून २४ तारखेला अभ्यासमंडळापुढे स्वतः मांडणे. मांडला, तर पुढच्या वर्षीही फेलोशिप. लीड्समध्ये प्रोफेसरपद दोनदा हुकले आहे. तिसऱ्या अर्जाला हा आधार पुरेल.
यजमान विभागात रिना मडावी या एकट्याच प्राध्यापिका. उत्साही, पद्धतशीरपणा शून्य. मी उद्देशिकेपासून सुरुवात करू म्हटले. त्या म्हणाल्या, सर, आधी तलाव पाहून येऊ का? मी केवळ स्मित केले.

६ जानेवारी
उद्देशिकेचे पहिले वाक्य लिहिले. उत्तम.
सायंकाळी प्राचार्य गुणवंतराव आले. गॅदरिंगचा मोसम, एका शाळेचे प्रमुख पाहुणे ऐनवेळी आजारी. सर, तुमी फक्त बसा जी, बाकी आमी पाहून घेतो, म्हणाले. विद्वानाने समाजापासून फटकून राहू नये. एकदाच जाईन.

७ जानेवारी
शाल, श्रीफळ. माझे भाषण चाळीस मिनिटे. अखेरीस टाळ्या इतक्या वाढल्या की मला थांबणे भाग पडले.
उद्देशिकेचे वाक्य पुन्हा वाचले. सामान्य. खोडले.

१० जानेवारी, घुग्घुस
कबड्डी स्पर्धेचे उद्घाटन. घर मैदानाशेजारीच, म्हणून अम्मीला भेटलो. ती म्हणाली, तीन साल से बुला रही हूँ, नहीं आया. कबड्डी ने बुलाया तो दौड़ के आया. तिला कामाचा ताण समजावून सांगितला. तिने माझ्या गळ्यातला हार काढून शेळीला घातला. शेळीने तो खाल्ला.

१३ जानेवारी
रिना मॅडम मच्छीमार सोसायटीच्या मनसारामभाऊंसोबत तलावावर गेल्या. मीही जाणार होतो. परंतु क्रिकेट सामन्याची नाणेफेक माझ्या हस्ते होती. परतल्यावर त्यांनी अभ्यासक्रमाच्या चार पेपरांचा मसुदा दाखवला. समासांत एकवाक्यता नाही. सुधारणेसाठी परत केला. मनसारामभाऊंनी विचारले म्हणे, साहेब पाण्याचेच डॉक्टर हाय ना? मंग पाण्यापाशी काऊन येत नाई?
उद्देशिका: वाक्य पुन्हा लिहिले. आता शेवटचे क्रियापद खटकते.

१७ जानेवारी
आणखी एक गॅदरिंग. व्यासपीठावर मला पतसंस्थेच्या अध्यक्षांच्या डाव्या बाजूला बसवले. परिचय अवघ्या दोन मिनिटांचा. शालही सिंथेटिक. अशा गोष्टींना मी महत्त्व देत नाही, हे गुणवंतरावांना लेखी कळवले.

२१ जानेवारी
संकल्प: आजपासून एकही कार्यक्रम नाही. दार बंद, फोन बंद.
दुपारी ४. नकार तत्परतेने देता यावा म्हणून फोन चालू केला. कोणीही बोलावलेले नाही. हा निष्काळजीपणा झाला.
४.१०. मीच गुणवंतरावांना फोन केला. २४ तारखेला सकाळी जवळच शंकरपट आहे, बैलांच्या शर्यती. बक्षीस वाटायला कुणीतरी पाहिजेच, म्हणाले. अभ्यासमंडळ दुपारी दोनला. बैलांचा वेग पाहता वेळेत परत येईन.

२४ जानेवारी, रात्री
बैल वेळेत धावले. माझे भाषण तीनला संपले.
चामोर्शीला पोहोचलो तेव्हा अभ्यासमंडळ चहा घेऊन निघून गेले होते. अभ्यासक्रम मंजूर. रिना मॅडमने मांडला. उद्देशिका नव्हती, कोणी विचारलीही नाही. आत माझे नाव आहे, 'प्रेरणा' या शीर्षकाखाली. मॅडम म्हणाल्या, सर, तुमची फार वाट पाहिली, दोनदा फोनही लावला. तेव्हा मी माइकसमोर होतो.
फेलोने स्वतः मांडणी केली नाही, म्हणून पुढच्या वर्षीची फेलोशिप नाही. नियम काटेकोर आहे. एरवी मला काटेकोर नियम आवडतात.

२५ जानेवारी
निघण्यापूर्वी गुणवंतरावांना मोठ्या मनाने सांगितले की फेलोशिप नसली तरी पुढच्या जानेवारीत स्वखर्चाने येईन. गॅदरिंगच्या तारखा तेवढ्या आधी कळवा.
ते मान खाजवू लागले. सर, पुढचा जानेवारी तं बुक झाला जी. आपल्या लायब्ररीतल्या धनराजचा साळा दुबईवरून येऊन राह्यला.
कोणत्या विद्यापीठात असतो, मी विचारले.
क्रेन चालवते, म्हणाले. पण भाषण लहान देते.