टार्गेट झालं

पेण,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजा बाय हिला बाबाचे खूप खूप आशीर्वाद.

हैदराबादला तू बरी असशील. इकडे सगळं ठीक. वरसे गावच्या आपल्या घराला कुलूप लावून मी आणि आई सध्या सगुणाआत्याकडे आहोत. हवापालट म्हण. आत्याने पोह्याचे पापड वाळत घातलेत आणि मला खुर्चीत बसवून कावळे हाकायला नेमलंय. एवढं बसून राहायचं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू "बाबा, खरं सांगा" म्हणालीस की माझ्या तोंडून हमखास खोटं निघतं. म्हणून कागद घेतला.

दिवाळीत तुझा फोन आला होता. "बाबा, आमच्या लॅबला नवीन टार्गेट मिळालं! पोटाची चरबी, साखर, प्रेशर, सगळ्यावर चालेल असं!" किती खुशीत होतीस! मी जन्मभर रोह्याच्या कंपनीत शिफ्ट केलेला माणूस. आमच्याकडे टार्गेट झालं म्हणजे माल तयार, ड्रम भरले, गाडी गेटवर. मी अख्ख्या आळीला पेढे वाटले, एक स्वतःही खाल्ला. शेजारचा केरू म्हणाला, "मंग या जुन्या गोल्या कशाला खातस रं? पोरीचा नवा माल येतोय ना?"

मला पटलं. साखरेच्या गोळ्या बंद केल्या आणि तुझ्या औषधाची वाट बघत बसलो.

त्यातच तुझ्या हळदीत नाचायला घेतलेले नवे बूट घरात घालून बघत होतो. अंगठ्याला चावले. दुखलं नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

संक्रांतीला मी विचारलं, औषध कधी पाठवतेस? तेव्हा तू समजावलंस की टार्गेट म्हणजे औषध नव्हे. ती शरीरातली नेम धरायची जागा. औषध अजून बनायचंय, मग उंदरांवर, मग माणसांवर, त्यात कितीतरी वर्षं जातील. मी म्हटलं, "हां हां, ठावं हाय मला." गोळ्या घेता ना, विचारलंस. घेतो, म्हणालो. तेव्हा मी दवाखान्यातल्या खाटेवर होतो, बाय. व्हिडिओवर तुला नुसतं तोंड दाखवत होतो.

अंगठ्याची जखम चिघळत वर गेली. डॉक्टरांनी उजवा पाय गुडघ्याखाली काढला. लिहिलं एकदाचं.

फार रडलो मी. पायापेक्षा तुझ्या हळदीसाठी जास्त.

आई म्हणत होती, "नको सांगू तिला. सवताला दोष दील नि काम सोडून येल." मलाही तीच भीती आहे. पण मांडवात येऊन बघण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. तू मला आनंदाची बातमी दिली होतीस. तिचा अर्थ मी आमच्या गेटवरचा लावला. यात तुझी काही चूक नाही, हे पुन्हा पुन्हा वाच. लग्नाला ये, चार दिवस राहा, रड हवं तर. पण ते काम सोडू नकोस. माझ्यासारखे सुटलेल्या पोटाचे, वाट बघणारे बाप गावोगाव आहेत.

गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. गिळली की नाही ते आई तोंड उघडायला लावून बघते. खरोखर माल गेटवर येईल तेव्हा आधी मला कळव.

तुझं औषध घ्यायला एका पायावर तयार असलेला,
तुझा बाबा
हिरामण